जिभेला न लागणारी बाजू

दातांच्या दवाखान्यात ‘डीएमएलएस कॅप’ हे नाव आता सर्रास कानावर पडते. धातूची भुकटी लेसरने वितळवून, थरावर थर चढवून केलेली, म्हणजे छापलेली ही कॅप जुन्या ओतीव कॅपपेक्षा नेमकी बसते असे सांगितले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण त्या सांगण्याबरोबर एक समजूतही गुपचूप गळी उतरते. संगणकाने आखले, लेसरने घडवले, म्हणजे वस्तू गुळगुळीत असणार आणि गुळगुळीत म्हणजे स्वच्छ. प्रत्यक्षात यंत्रातून नुकतीच काढलेली कोबाल्ट-क्रोमियमची चौकट पाहिली तर ती मळकट करड्या रंगाची असते आणि बोट फिरवले की चांगलीच खरखरते. रुग्णाच्या हातात पडते ती चकचकीत वस्तू मधल्या बऱ्याच घासकामातून गेलेली असते. छापील धातूवर तोंडातले जंतू किती रुजतील हे ठरते ते या घासकामात. आणि नेमके तेच कुठे नोंदले जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

खरखर येते कुठून? या यंत्रात साधारण 15 ते 45 मायक्रोमीटर व्यासाच्या धातूच्या गोळ्यांची भुकटी एका पत्र्यावर अगदी पातळ पसरतात. थराची जाडी 20 ते 50 मायक्रोमीटर. लेसरचा ठिपका आराखड्याप्रमाणे फिरतो, त्याच्या वाटेतली भुकटी वितळते आणि क्षणात गोठते. मग पत्रा थराइतका खाली सरकतो, वर नवी भुकटी येते. वितळलेल्या रेषेच्या कडेला असलेल्या गोळ्यांना मात्र अर्धवटच आच लागते. त्या पुरत्या वितळत नाहीत, कडेला चिकटून राहतात. तिरप्या भिंतीवर थरांच्या पायऱ्या उमटतात. खाली आधार नसलेल्या भागाखाली सैल भुकटीच असते, त्यामुळे धातू तिच्यात झिरपतो आणि तळाची बाजू वरच्या बाजूपेक्षा कितीतरी ओबडधोबड होते. ती बाजू कोसळू नये म्हणून लावलेल्या आधारकाड्या नंतर तोडाव्या लागतात आणि तिथे खुंट उरतात. एकाच वस्तूच्या वरच्या, खालच्या आणि उभ्या बाजूचा पोत असा वेगवेगळा निघतो. ओतीव धातूत हा दिशाभेद इतक्या ठळकपणे नसतो. वस्तू यंत्रात कोणत्या कोनात उभी केली होती, यावर तिच्या कुठल्या बाजूला जंतूंना थारा मिळेल हे काही अंशी आधीच ठरलेले असते, आणि तो कोन ठरवणारा माणूस बहुधा आधारकाड्या कुठे कमी लागतील एवढेच पाहत असतो.

आता मापे शेजारी शेजारी ठेवू. तोंडातला सामान्य स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू अर्धा ते एक मायक्रोमीटरचा. कँडिडा या बुरशीची पेशी त्याच्या चार-सहा पट. आणि पृष्ठभागाला चिकटलेली भुकटीची गोळी तीस-चाळीस मायक्रोमीटरची. म्हणजे एका गोळीच्या आडोशाला जिवाणूंची अख्खी वसाहत उभी राहू शकते.

जंतू थेट धातूवर बसत नाहीत, हे इथे सांगायला हवे. धातू तोंडात गेला की काही सेकंदांत लाळेतली प्रथिने त्याच्यावर पातळ पटल धरू लागतात, आणि पहिले जिवाणू येतात ते या पटलाला धरून. आधी स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस, ओरॅलिस यांच्यासारखे तुलनेने निरुपद्रवी रहिवासी. मग त्यांच्या अंगाखांद्यावर फ्युजोबॅक्टेरियम. त्याच्या आधाराने, प्राणवायू कमी झालेल्या खोलात, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे हिरडीचे वैरी. पटल सगळ्याच धातूंवर चढते, म्हणून काही जण म्हणतात की खालचा धातू कोणता आणि कसा आहे याने मग काय फरक पडतो? फरक पडतो तो पकडीपेक्षा आसऱ्याचा. लाळेचा प्रवाह, जिभेचा आणि गालाचा घासा, ब्रशचे केस हे सगळे उंचवट्यांवरून जातात. खळग्यातला जिवाणू त्यांच्या तावडीतून सुटतो. टाकी लावलेला पाटा कितीही धुतला तरी खाचांत हळद राहतेच, तसे हे आहे. शिवाय हळद वाढत नाही, जिवाणू वाढतात.

म्हणूनच खडबडीतपणाचा खरा हिशेब ब्रश केल्यानंतर सुरू होतो असे मला वाटते. चार-पाच दिवस अजिबात न घासलेल्या तोंडात थर एवढा जाड होतो की वरच्या जिवाणूंना तळाशी काय आहे याचा पत्ताही नसतो. नियमित घासणाऱ्याच्या तोंडात मात्र गुळगुळीत जागी वसाहत जवळजवळ शून्यापासून उभी राहते आणि खडबडीत जागी ती उरलेल्या बियाण्यातून उगवते. दात नेटाने घासणाऱ्या माणसाचे कष्ट खडबडीत धातू असा वाया घालवतो.

या विषयात ज्या एका आकड्याचा जप चालतो तो म्हणजे 0.2 मायक्रोमीटर. तो आला बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठातून. 1990 च्या दशकात मार्क क्विरिनेन, कर्ट बोलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इम्प्लांटवर बसवायच्या जोडखांबांवर, म्हणजे अ‍ॅबटमेंटवर, प्रत्यक्ष रुग्णांच्या तोंडात काम केले. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मुद्दाम खडबडीत केलेल्या अ‍ॅबटमेंटवर हिरडीच्या खाली नेहमीच्या अ‍ॅबटमेंटच्या 25 पट जिवाणू सापडले. मग साहजिक प्रश्न आला की आणखी गुळगुळीत केले तर जंतू आणखी कमी होतील का? 1996 च्या अभ्यासात त्यांनी अतिगुळगुळीत सिरॅमिकचे अ‍ॅबटमेंट टायटॅनियमच्या शेजारी बसवून वर्षभर पाहिले. सरासरी खडबडीतपणा, ज्याला धातुकामात ‘आरए’ म्हणतात, तो 0.2 च्या खाली गेल्यावर जंतूंच्या संख्येत किंवा जातींत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. जिवाणूच्या अंगापेक्षा खाच लहान झाली की तिचा आडोसा संपतो, इतके ते सरळ आहे. मात्र त्याच अभ्यासातली एक गोष्ट कमी सांगितली जाते. सर्वांत गुळगुळीत अ‍ॅबटमेंटभोवती वर्षअखेरीस हिरडीच्या खिशाची खोली थोडी अधिक वाढलेली होती आणि तपासताना रक्तस्रावही थोडा अधिक होता. रुग्ण मोजके होते, तेव्हा यावरून मोठा सिद्धान्त काढू नये. पण जितके गुळगुळीत तितके हिरडीला हिताचे, ही सरळ चढती रेषा तिथेच मोडते.

योगायोग असा की धातूच्या छपाईचे एक आद्य केंद्रही लुव्हेनच. लेसरने भुकटी पूर्ण वितळवण्याची पद्धत 1990 च्या दशकाच्या मध्यात जर्मनीतल्या आखेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत आकाराला आली. पुढे लुव्हेन विद्यापीठात ज्याँ-पिएर क्रुथ यांच्या गटाने तिने दातांच्या चौकटी करून दाखवल्या, आणि 2008 साली त्या विद्यापीठातून लेअरवाइज ही कंपनी निघाली. एकाच विद्यापीठात एका इमारतीत खडबडीतपणाची मर्यादा ठरली आणि पुढे दुसऱ्या इमारतीत त्या मर्यादेच्या पंचवीस, पन्नास पट खडबडीत वस्तू जन्माला येत होत्या. न घासलेल्या छापील धातूचा आरए सर्वसाधारणपणे 5 ते 20 मायक्रोमीटरच्या घरात असतो. दोन्हींमधले अंतर कापायला लागते ते घासकाम.

इथवर बहुतेकांचे एकमत होईल. माझा वाद पुढच्या पायरीवर आहे. प्रयोगशाळा सांगते, ‘आम्ही आरए 0.2 च्या आत आणतो’, आणि विषय मिटला असे सगळे धरून चालतात. पण आरए ही सरासरी आहे. मधली एक रेषा धरायची, उंचवटे आणि खळगे तिच्यापासून किती दूर आहेत ते मोजायचे आणि अधिक-उणे न पाहता सरासरी काढायची. सपाट पठारावर मोजक्याच खोल चिरा असलेला पृष्ठभाग आणि सर्वत्र बारीक दाणे असलेला पृष्ठभाग, दोघांचा आरए एकच येऊ शकतो. ब्रशच्या केसाला दाणे पोचतात, चिरा पोचत नाहीत. जंतूंच्या दृष्टीने ही दोन वेगळी गावे आहेत.

छापील धातूच्या बाबतीत हा दोष आणखी वाढतो. आरए मोजणारी सुई टोकाला साधारण 2 ते 5 मायक्रोमीटर त्रिज्येची असते. तिच्या टोकापेक्षा अरुंद फटीत ती उतरत नाही. शिवाय ती वरून चालते. भुकटीची गोळी पृष्ठभागाला चिकटते तेव्हा तिच्या पोटाखाली कपारी तयार होतात आणि वरून पाहणाऱ्या सुईला किंवा प्रकाशाला त्या दिसत नाहीत. यंत्रावर कातलेल्या ज्या टायटॅनियममधून 0.2 ची मर्यादा निघाली त्यावर कातण्याच्या समांतर रेघा असतात, असल्या कपारी नसतात. एका जातीच्या पोतावरून निघालेली मोजपट्टी दुसऱ्या जातीच्या पोताला लावताना तिच्याबरोबर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे चित्रही मागायला हवे. संशोधनात ते दिले जाते. व्यवहारात कुणी विचारत नाही.

व्यवहारात एक मोजयंत्र मात्र प्रत्येकापाशी असते, ते म्हणजे जीभ. 2004 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की 0.25 आणि 0.5 मायक्रोमीटर आरए असलेल्या पृष्ठभागांतला फरक माणसाला तोंडात कळतो. कॅप खरखरते अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला ‘सवय होईल’ म्हणून परत पाठवणाऱ्या डॉक्टरांनी हे लक्षात ठेवावे. रुग्णाची जीभ त्या नामांकित मर्यादेच्या अगदी जवळ पोचून बोलत असते. आणि म्हणूनच, जिथे जीभ पोचते तिथला धातू बाजारात गुळगुळीतच मिळतो, कारण नाही मिळाला तर तक्रार येते. जिथे जीभ पोचत नाही तिथे तक्रार करणारे कुणी नाही.

जिभेला न लागणारी ती बाजू प्रत्येक वस्तूत वेगळी असते. कॅपच्या आत सिमेंट धरायचे असते, तिथे खरखर हवीच, छपाईचा खडबडीतपणा तिथे फायद्याचाच. कॅपची बाहेरची बाजू बहुधा पोर्सेलिनखाली झाकली जाते. उरते ती हिरडीलगतची धातूची बारीक कड, आणि सगळे पाणी तिथेच मुरते. ती केसभर जाडीची असते, जोरात घासली तर आखूड होते, मग कॅप आणि दात यांच्यात फट राहते आणि फट खडबडीतपणाहूनही वाईट. म्हणून टेक्निशियन तिथे हात आखडता घेतो. त्याची चूक नाही.

काढता-घालता येणाऱ्या धातूच्या कवळीत अडचण याहून मोठी. तिची टाळूकडची आणि हिरडीकडची बाजू नेमकी बसावी म्हणून पॉलिश करताना तिथे फारसा धातू काढायचा नसतो. बाहेरची बाजू रबराने, मग पेस्टने घासून चकचकीत करायची आणि आतली सँडब्लास्टिंग व फार तर इलेक्ट्रोपॉलिशिंगवर सोडायची, ही जुनी रीत आहे. ओतीव चौकटीला ती चालून जायची, कारण मेणाच्या आराखड्यावरून ओतलेल्या धातूची आतली बाजू मुळातच एवढी खडबडीत नसे. छापील चौकटीला तीच रीत लावली तर सुरुवातच पाच-दहा मायक्रोमीटरपासून होते. इलेक्ट्रोपॉलिशिंगने टोके विरघळतात, पण मोठ्या लाटा आणि खळगे बऱ्याच अंशी तसेच राहतात. वस्तू चमकू लागते आणि चमक फसवते. ही बाजू दिवसभर ओल्या, उबदार, लाळेचा प्रवाह न पोचणाऱ्या जागी हिरडीला चिकटून असते. कवळीखालची टाळू लालबुंद होण्याचा जो विकार असतो त्यात कँडिडाचा मोठा हात असतो. अ‍ॅक्रिलिकच्या कवळीत तो जास्त दिसतो हे मान्य, कारण अ‍ॅक्रिलिक सच्छिद्र आणि धातू तसा नाही. पण धातूचा हा नैसर्गिक फायदा आतली बाजू खरखरीत ठेवून आपणच घालवायचा का?

कवळी निदान रात्री काढून घासता येते. इम्प्लांटवर स्क्रूने आवळलेल्या पूर्ण जबड्याच्या पट्टीची हिरडीकडची बाजू रुग्णाला कधीच दिसत नाही. तिथे दोऱ्याने किंवा बारीक ब्रशने चाचपडत काम करायचे. छापील पट्टीची ही बाजू घासून आणल्याशिवाय बसवणे मला अक्षम्य वाटते. इथे नेमके बसण्याची सबबही चालत नाही, कारण नेमकेपणा लागतो तो इम्प्लांटला टेकणाऱ्या गोल बैठकींवर; मधल्या पट्टीच्या पोटावर नाही.

इम्प्लांटचा विषय निघाला म्हणून त्यातली एक कायमची ओढाताण. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी 1965 साली स्वीडनमध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले तेव्हा त्या इम्प्लांटचा पृष्ठभाग साधा कातलेला होता. पुढे कळले की हाडाला माफक खडबडीत, म्हणजे 1 ते 2 मायक्रोमीटरच्या आसपासचा पृष्ठभाग अधिक आवडतो. हाडाला जे हवे तेच हिरडीच्या पातळीवर जंतूंनाही हवे असते. इम्प्लांट हाडात गाडलेले आहे तोवर भांडण नाही. हाड झिजून तो खडबडीत भाग उघडा पडला की त्याची साफसफाई इतकी अवघड होते की काही शल्यविशारद तोंडातच त्याचे आटे घासून गुळगुळीत करतात. छपाईमुळे आता इम्प्लांटच्या एका भागात जाळीदार आणि दुसऱ्यात भरीव अशी रचना एकाच वस्तूत करता येते. ही सोय चांगली आहे. पण खडबडीत भाग कुठे संपवायचा हे ठरवताना पंधरा वर्षांनंतरचे हाड डोळ्यांसमोर हवे.

यावर जंतुनाशक पृष्ठभागांचा उपाय सुचवला जातो. चांदीचा लेप, धातूत मिसळलेले तांबे, किंवा निसर्गाची नक्कल. सिकाडा या किड्याच्या पंखावरचे अतिसूक्ष्म खांब जिवाणूचे आवरण ताणून फाडतात हे 2012 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले. फ्लोरिडात शार्कच्या कातडीवरून घेतलेल्या नक्षीवर जंतूंचा थर उशिरा धरतो असेही दिसले. यातून एक धडा घेण्यासारखा आहे. पोत जंतूंचा मित्रच असतो असे नाही, तो कोणत्या मापाचा आहे यावर सगळे अवलंबून असते. पण आजच्या भुकटीच्या गोळीतून जो पोत निघतो तो या खांबांच्या शेकडो पट मोठा आहे. आणि तोंडात लाळेचे पटल खांबांवरही चढते, चांदीवरही चढते. तांब्याचे आयन जंतूंना मारतात तेव्हा ते हिरडीतही उतरत असतात. हे काम चालू राहावे, पण घासकाम चुकवण्याची ती पळवाट होऊ नये.

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांबद्दलही थोडे कठोर बोलायला हवे. सपाट चकत्या छापायच्या, सारख्या घासायच्या, एका जातीचा जिवाणू, बहुधा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, एक-दोन दिवस वाढवायचा आणि वसाहती मोजायच्या. अशा चाचणीत छापील आणि ओतीव धातू घासल्यावर सारखे निघाले तर त्यात नवल काय? दोघांनाही एकाच रबराने एकाच ठिकाणी आणलेले असते. प्रश्न होता तो वळणांचा, आधारकाड्यांच्या खुंटांचा, न घासता येणाऱ्या पोटाचा, आणि चकतीला पोट नसते. शेकडो जातींच्या जिवाणूंनी भरलेल्या, वाहत्या, खात्यापित्या तोंडाबद्दल अशी चाचणी फारच थोडे सांगते.

हे सारे वाचून छापील धातूच नको असे कुणी म्हणेल तर ते अन्यायाचे होईल. ओतकामात वायूचे बुडबुडे, आकुंचन, साच्याचे दोष हे सगळे आले. छापील कोबाल्ट-क्रोमियम झटकन गोठतो, त्याचे कण बारीक होतात, तो मजबूत असतो आणि चांगल्या भट्टी-संस्कारानंतर गंजालाही दाद देत नाही. निकेल असलेल्या स्वस्त मिश्रधातूंच्या जागी तो आला हेही भलेच. दोष धातूचा नाही. यंत्र आल्यावर माणसाचे काम संपले या समजुतीचा आहे. ते संपले नाही, फक्त शेवटी जाऊन बसले. धुळीच्या खोलीत, नाकाला फडके बांधून, हँडपीसवर दगड आणि रबर बदलत बसलेला टेक्निशियन अजूनही तुमच्या हिरडीचे भवितव्य ठरवत असतो. भारताच्या 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने त्याची दखल ‘डेंटल मेकॅनिक’ म्हणून घेतली होती, पण रुग्णाला त्याचे नाव कधी कळत नाही आणि बिलात त्याच्या घासण्याला वेगळी किंमत नसते. छपाई स्वस्त झाली की दर पाडण्याची चढाओढ लागते, आणि वेळ वाचवायचा तर तो घासण्यातूनच वाचतो, कारण ते दिसत नाही.

बसवल्यानंतरही पोत बदलतो. दात साफ करायच्या पोलादी हत्याराने टायटॅनियमवर ओरखडे पडतात, म्हणून इम्प्लांटभोवती प्लॅस्टिक, कार्बन किंवा टायटॅनियमची हत्यारे वापरायची असतात. आम्लयुक्त फ्लोराइड जेल टायटॅनियमला खाऊ शकते. आपल्याकडे अजून टिकून असलेली मिश्रीची आणि भरड दंतमंजनाची सवयही मऊ पॉलिश उतरवायला पुरेशी आहे.

तेव्हा दंतवैद्यांना विनंती अशी की प्रयोगशाळेला पाठवायच्या चिठ्ठीवर धातू आणि छटा लिहिता तशी एक ओळ आणखी लिहा: हिरडीकडची बाजू कशी आणि कुठवर घासायची. प्रयोगशाळांनी वस्तूबरोबर त्या बाजूचा आरए आणि जमल्यास सूक्ष्मदर्शकाचे एक चित्र पाठवावे, आणि त्याचे पैसे उघड मागावेत. आणि ज्यांच्या तोंडात हा धातू बसायचा आहे त्यांनी कवळी किंवा पट्टी पहिल्यांदा हातात येईल तेव्हा चकचकीत बाजू पाहून परत देऊ नये. ती उलटी करून पोटावरून अंगठा फिरवावा. खरखरली तर बसवण्याआधी सांगावे.